न दिलेली पेनल्टी आणि एका लीगचा हिशेब : तुरीन, २६ एप्रिल १९९८

आजचा भाग फुटबॉलवर आहे, पण ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांनी लगेच बंद करू नका. आजचा प्रश्न तसा इतिहासाचाच आहे. एखादी मोठी हार झाली की आपण तिचं खापर एका क्षणावर फोडतो, ते कितपत खरं असतं?

पानिपतावर आपण असंच भांडतो ना? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर? अडीचशेहून जास्त वर्षं झाली, ‘जर-तर’ काही संपत नाही. पानिपताची अडचण अशी की तिथे हिशेब मांडायला आकडे कमी आहेत. फुटबॉल लीगमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचे गुण लिहून ठेवलेले असतात. जर-तरची गणितं निदान मांडता तरी येतात. म्हणून आज मी एक अशी घटना निवडली आहे, जिच्यावर इटलीत आजही लोक हमरीतुमरीवर येतात.

तारीख २६ एप्रिल १९९८, रविवार. त्या आठवड्यात आपण इकडे कशात होतो ते आठवतंय? शारजा! २२ तारखेला सचिनचे १४३ आणि २४ला, त्याच्या वाढदिवशी, फायनलमध्ये १३४. आपल्याकडे दुसरं काही बोललंच जात नव्हतं. त्याच रविवारी इटलीतल्या तुरीन शहरात, देल्ले आल्पी स्टेडियमवर, युव्हेंटस आणि इंटर मिलान समोरासमोर आले. लीगचा ३१वा सामना. त्यानंतर फक्त तीन उरलेले. युव्हेंटसचे ६६ गुण, इंटरचे ६५. एका गुणाचा फरक.

आधी दोन्ही घरांची ओळख करून घेऊ. युव्हेंटस म्हणजे आन्येल्ली घराण्याचा क्लब. फियाट मोटारवाले आन्येल्ली. इटलीत सगळ्यात जास्त वेळा लीग जिंकलेला, सगळ्यात जास्त चाहते असलेला आणि म्हणूनच सगळ्यात जास्त शिव्या खाणारा संघ. ‘पंच त्यांचेच असतात’ ही तक्रार त्यांच्याविरुद्ध कित्येक दशकं चालत आलेली. १९९५ आणि १९९७ला लीग त्यांचीच. प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी, मैदानात झिदान, देल पिएरो, डाविड्स, देशाँ.

इंटर म्हणजे मिलानमधला, तेव्हा तेलउद्योगातल्या मोराट्टी घराण्याकडे असलेला क्लब. १९८९ नंतर लीग नाही. मास्सिमो मोराट्टींनी पैसा ओतला आणि १९९७च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाकडून रोनाल्डोला विक्रमी किमतीत आणलं. हा ब्राझीलचा रोनाल्डो बरं का, पोर्तुगालचा नाही. या सामन्याच्या वेळी तो २१ वर्षांचा होता आणि त्या वेळी जगात त्याच्या तोडीचा स्ट्रायकर नव्हता. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २५ गोल केले. जानेवारीत मिलानमध्ये इंटरने युव्हेंटसला १-०ने हरवलंही होतं.

आता या सामन्याच्या आधीचा आठवडा. तो समजला नाही तर पुढचा भडका समजणार नाही. १९ एप्रिलला युव्हेंटस एम्पोली या छोट्या क्लबशी खेळले आणि १-०ने जिंकले. त्या सामन्यात एम्पोलीच्या बियांकोनीने हेडर मारला आणि गोलकीपर पेरुझ्झीने तो गोलरेषेपलीकडून बाहेर काढला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना चेंडू आत गेलेला दिसत होता. पंचांनी गोल दिला नाही. गोल-लाइन तंत्रज्ञान वगैरे तेव्हा कुठे होतं! म्हणजे तुरीनचा सामना सुरू होण्याआधीच इंटरचे चाहते तापलेले होते. ‘इथे पाणी मुरतंय’ असं मनाशी पक्कं करूनच अर्धा इटली टीव्हीसमोर बसला होता.

सामना सुरू झाला. २१व्या मिनिटाला देल पिएरोने अवघड कोनातून गोल केला. युव्हेंटस १, इंटर ०. मग इंटरची धडपड. आणि सत्तराव्या मिनिटाच्या आसपास तो प्रसंग घडला.

युव्हेंटसच्या पेनल्टी बॉक्समध्ये गोंधळ उडाला, चेंडू रोनाल्डोकडे आला. त्याने एका स्पर्शात तो पुढे ढकलला आणि स्वतः मागे धावला. मध्ये युव्हेंटसचा बचावपटू मार्क युलियानो. त्याने चेंडूकडे न जाता रोनाल्डोच्या वाटेत अंग घातलं. धडक झाली, रोनाल्डो खाली पडला. रेफरी पिएरो चेक्कारीनी जवळच होते. त्यांनी खूण केली : खेळ चालू ठेवा.

इंटरचे खेळाडू पेनल्टी मागत ओरडतायत, तोवर युव्हेंटसने चेंडू उचलला आणि काही सेकंदांतच तो दुसऱ्या टोकाला पोहोचला. तिथे इंटरच्या तारिबो वेस्टने देल पिएरोला पाडलं. शिट्टी वाजली. पेनल्टी! पण युव्हेंटसला.

मग व्हायचं तेच झालं. इंटरचे खेळाडू रेफरींभोवती जमा झाले. प्रशिक्षक जीजी सिमोनी, एरवी शांत, सभ्य म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ, ते थेट मैदानात धावत आले आणि बाहेर काढले गेले. या सगळ्या गोंधळानंतर देल पिएरोने पेनल्टी मारली.

आता माझी एक गंमत सांगतो. ही कथा मी मित्रांना कितीतरी वेळा ऐकवली आहे आणि दर वेळी इथेच थांबायचो. ‘एकाला नाही दिली, दुसऱ्याला दिली, संपला सामना.’ माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं अंतिम स्कोअर २-० होता. तो २-० नव्हताच. इंटरच्या पाल्युकाने ती पेनल्टी अडवली! सामना १-०नेच संपला. ही अडवलेली पेनल्टी माझ्या आठवणीतून साफ पुसली गेली होती, कारण माझ्या कथेत तिला जागा नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भडका मैदानात थांबला नाही. तीनच दिवसांनी, २९ एप्रिलला, विषय इटलीच्या संसदेत पोहोचला. उपपंतप्रधान वाल्टर वेल्त्रोनी उत्तर देत होते. आलेआन्झा नात्सिओनाले या उजव्या पक्षाचे खासदार दोमेनिको ग्रामात्सिओ खवळले आणि मास्सिमो माउरो या खासदाराच्या अंगावर धावून जायला निघाले. हे माउरो कोण? युव्हेंटसचे माजी खेळाडू! शिपायांनी ग्रामात्सिओंना अडवलं, कामकाज स्थगित करावं लागलं. एका न वाजलेल्या शिट्टीवरून देशाची संसद बंद पडली.

आता मूळ प्रश्नाकडे. ती पेनल्टी न दिल्यामुळे इंटरची लीग गेली का? चाहते याचं उत्तर एका दमात देतात. इंटरवाले ‘हो’, युव्हेवाले ‘नाही’. मला वाटतं, यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ते सोडवून बघू.

पहिला प्रश्न : ती पेनल्टी होती का?

नियम असं सांगतो, की चेंडू तुमच्या खेळण्याच्या टप्प्यात असेल तर तुम्ही अंग मध्ये घालून तो राखू शकता. टप्प्यात नसेल आणि तुम्ही फक्त दुसऱ्याची वाट अडवलीत, तर इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल करता येत नाही अशी. पण बेफिकिरीने धडक मारली, तर डायरेक्ट फ्री किक, आणि ती पेनल्टी बॉक्समध्ये असेल तर पेनल्टी. युव्हेवाल्यांचं म्हणणं, युलियानो आपल्या जागी होता, रोनाल्डोच येऊन आदळला. चेक्कारीनींनी पुढेही आपली बाजू साधारण याच धर्तीवर मांडली. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल देव जाणे. चेंडू युलियानोच्या पलीकडे गेला होता आणि युलियानो चेंडूच्या दिशेने नव्हे, रोनाल्डोच्या अंगावर गेला. माझ्या मते पेनल्टी होती. अगदी घासाघीस केली तरी निदान इनडायरेक्ट फ्री किक तरी होतीच. ‘काहीच नाही’ हा निर्णय मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

दुसरा प्रश्न : पेनल्टी मिळाली असती तर गोल झाला असता का?

इथे आपण सगळे नकळत उडी मारतो. पेनल्टी म्हणजे गोल, असं धरून चालतो. साधारण चारातल्या तीन पेनल्टी गोल होतात, एक वाया जाते. आणि याचा पुरावा त्याच सामन्यात आहे! काही मिनिटांत देल पिएरोसारख्या खेळाडूची पेनल्टी पाल्युकाने अडवलीच की. म्हणूनच ती माझ्या आठवणीतून गेली होती. ती राहिली असती तर माझी कथा इतकी सरळ राहिली नसती.

तिसरा प्रश्न, आणि खरा हाच : समजा गोल झाला असता, तर लीग कोणाची?

त्यासाठी मी कागद-पेन घेऊन बसलो. तुम्हीही माझ्याबरोबर मांडा. जिंकण्याला ३ गुण, बरोबरीला १.

प्रत्यक्षात काय झालं? या सामन्यानंतर युव्हेंटस ६९, इंटर ६५. पुढच्या तीन सामन्यांत युव्हेंटसने विचेन्झाशी बरोबरी केली, बोलोन्याला ३-२ने हरवलं आणि शेवटी अटलांटाशी बरोबरी केली. एकूण ५ गुण. इंटरने पिआचेन्झाशी बरोबरी केली, बारीकडून २-१ने हार खाल्ली आणि शेवटी एम्पोलीला हरवलं. एकूण ४ गुण. अखेर युव्हेंटस ७४, इंटर ६९.

आता समजा रोनाल्डोला पेनल्टी मिळाली, गोल झाला, सामना १-१ सुटला आणि पुढचे निकाल जसे लागले तसेच लागले. युव्हेंटस ७२, इंटर ७०. लीग युव्हेंटसचीच!

मी हा हिशेब दोनदा केला. कारण इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगत आलो होतो, की पेनल्टी मिळाली असती तर इंटर चॅम्पियन. कागद म्हणतो, नाही. इंटरने तो सामना जिंकला असता, तर मात्र युव्हेंटस ७१ आणि इंटर ७२. म्हणजे त्यांना एक नव्हे, दोन गोल हवे होते, तेही वीसेक मिनिटांत, तुरीनमध्ये, युव्हेंटसच्या बचावासमोर.

युव्हेवाले इथेच वही मिटतात. पण थांबा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या हिशेबातली खोट दिसते, आणि ती ‘पुढचे निकाल तसेच लागले’ या चार शब्दांत आहे. तसेच का लागतील?

३ मेच्या रविवारी काय चित्र होतं बघा. प्रत्यक्षात युव्हेंटसकडे चार गुणांची आघाडी होती. विचेन्झाशी ०-० झालं तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. तुरीनमध्ये बरोबरी झाली असती तर आघाडी एकाच गुणाची असती. मग युव्हेंटस तसंच खेळले असते का? आणि इंटर? त्या दिवशी युव्हेंटस अडखळले, म्हणजे पिआचेन्झाला हरवून इंटर थेट पहिल्या क्रमांकावर गेले असते. अशी संधी समोर असलेला संघ आणि ‘आपल्याला लुटलं’ या भावनेत बुडालेला संघ एकाच जोमाने खेळत नाहीत. १० मेला बारीत हरले, ते याच मनःस्थितीत हरले असं इंटरवाले म्हणतात, आणि त्यांना खोटं ठरवता येत नाही.

पण मग मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो. ६ मेला, म्हणजे पिआचेन्झा आणि बारी यांच्या मधल्या बुधवारी, याच संघाने पॅरिसमध्ये यूएफा कपच्या फायनलमध्ये लाझिओला ३-०ने धुतलं. सामोरानो, झानेत्ती, रोनाल्डो, तिघांचे गोल. खचलेला संघ असा खेळतो का? लगेच त्यांचं उत्तर तयार : म्हणूनच तर बारीत दमलेले होते!

बघा कसं असतं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण जर-तर उडवून लावतो. पण जर-तरशिवाय कारणाबद्दल बोलताच येत नाही. ‘या निर्णयामुळे लीग गेली’ या वाक्यातच ‘निर्णय वेगळा असता तर गेली नसती’ हे दडलेलं असतं. फरक एवढाच, की काही जर-तर आपण कागदावर तपासू शकतो आणि काही नाही. कागद एवढंच सांगतो, की त्या एका पेनल्टीने आपोआप लीग फिरली नसती. ती फिरूच शकली नसती, असं कागद सांगत नाही.

मग इतकी वर्षं राग का टिकला? माझ्या मते, तो राग त्या पेनल्टीचा नव्हताच. पंच चुकतात हे सगळ्यांना मान्य असतं. आपल्या गल्लीत टेनिस बॉलने खेळतानाही अंपायर चुकायचा, आणि बॅटिंग करणाऱ्यांपैकीच असायचा! भांडण तेव्हा पेटतं, जेव्हा चुका एकाच बाजूला झुकताना दिसतात. आधीच्या रविवारी एम्पोलीचा गोल, या रविवारी रोनाल्डो. दोन्हीचा फायदा एकालाच. एक चूक अपघात वाटते, दोन लागोपाठ आल्या की लोक त्यांच्यामध्ये रेघ ओढतात. रेघ खरी आहे की नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आणि मग २००६ आलं. ‘कॅल्चोपोली’ प्रकरण. पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेले फोन बाहेर आले. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचानो मोज्जी पंचांच्या नेमणुका करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलत असल्याचं उघड झालं. युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. २००५ची लीग काढून घेतली, २००६ची इंटरला दिली. आता हे मोज्जी युव्हेंटसमध्ये १९९४पासून होते. इंटरच्या चाहत्याला आणखी काय हवं? ‘बघा, १९९८लाही हेच!’

इथे सावध राहायला हवं. तो तपास २००४ नंतरच्या मोसमांचा होता. १९९८चा सामना त्यात सिद्ध झालेला नाही. पुढचा पुरावा मागच्या घटनेला लावता येत नाही, हे इतिहासाचं अगदी प्राथमिक पथ्य. शिवाय २०११मध्ये इटालियन फेडरेशनच्या अभियोक्त्यांनी इंटरच्या बाजूच्या फोनसंभाषणांवरही आक्षेप नोंदवले, फक्त मुदत उलटल्याने कारवाई होऊ शकली नाही. म्हणजे सोवळं कोणाचंच निखळ नव्हतं.

पण हेही तितकंच खरं, की २००६नंतर कुठल्याही इटालियन माणसाला १९९८चा तो व्हिडिओ पहिल्यासारखा पाहणं शक्य राहिलं नाही. पूर्वी त्यात एक पंचाची चूक दिसायची. आता तीच धडक, तोच युलियानो, पण बघणाऱ्याच्या कानात फोनवरचे आवाज असतात. युव्हेंटसचं खरं नुकसान मला इथे दिसतं. त्या मोसमात झिदान, देल पिएरो, डाविड्सने जे कमावलं, ते कदाचित पूर्ण स्वच्छ असेल. पण ते तसं होतं हे आता कोणाला पटवून देता येत नाही. १० मेला लीग पक्की करताना इनझागीने बोलोन्याविरुद्ध तीन गोल केले. विचारा कोणाला आठवतंय का. सगळ्यांना आठवतो तो युलियानो.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता व्हीएआर आहे, पडद्यावर बघून निर्णय देतात. इटलीत व्हीएआर २०१७-१८च्या मोसमात आलं. आणि त्याच मोसमात, २८ एप्रिल २०१८ला, म्हणजे बरोब्बर वीस वर्षं आणि दोन दिवसांनी, पुन्हा इंटर विरुद्ध युव्हेंटस. या वेळी युव्हेंटसशी स्पर्धा नापोलीची होती, फरक पुन्हा एकाच गुणाचा. सामना १-१ असा बरोबरीत असताना युव्हेंटसच्या प्यानिचने राफिन्याला जोरात पाडलं. त्याला आधीच एक पिवळं कार्ड होतं. दुसरं दाखवलं असतं तर तो बाहेर गेला असता. रेफरी ओर्सातोंनी दाखवलं नाही. आणि तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या पिवळ्या कार्डाचा निर्णय व्हीएआरला तपासताच येत नव्हता! शेवटच्या काही मिनिटांत युव्हेंटसने दोन गोल करून सामना ३-२ने जिंकला. नापोलीचे खेळाडू फ्लॉरेन्सच्या हॉटेलात टीव्हीवर हे बघत होते. दुसऱ्या दिवशी ते फिओरेन्तिनाकडून ३-०ने हरले. लीग युव्हेंटसला, ९५ विरुद्ध ९१. नापोलीवाल्यांना विचारा लीग कशी गेली, उत्तर मिळेल : प्यानिच. फ्लॉरेन्समधले तीन गोल नंतर.

माझं मत विचाराल तर असं आहे. चेक्कारीनींचा निर्णय चुकीचा होता. त्या एका निर्णयाने लीग ठरली नाही, ती इंटरने पिआचेन्झा आणि बारीतही घालवली. आणि तरीही इंटरच्या चाहत्यांचा राग खोटा नव्हता. ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. भांडताना आपल्याला त्यातलं एकच निवडायचं असतं, म्हणून भांडण संपत नाही.

सिमोनी २०२०च्या मे महिन्यात, २२ तारखेला गेले. लीग त्यांच्या हाती कधीच लागली नाही. यूएफा कप त्यांनी मिळवून दिला होता, पण त्यांचं नाव निघालं की लोकांना आधी तुरीनच्या मैदानात धावत येणारा तो माणूस आठवतो.

तर मंडळी, आता तुमची पाळी. तुमच्या आठवणीत असा कुठला सामना आहे, जो ‘अंपायरने घालवला’? क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, काहीही चालेल. फक्त एक करा. कळवण्याआधी स्कोअरकार्ड एकदा काढून बघा. माझ्यासारखी तुमचीही एखादी पेनल्टी विसरलेली निघायची! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.